पणजोबांची चार मेडल्स पुण्याच्या कॅम्पात माउंट करून घेतली, त्याचा अनुभव

बरेच दिवस लिहायचं राहून जात होतं. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची ब्रिटिश काळातली मेडल्स पत्र्याच्या डब्यात नाहीतर देवघराच्या फळीवर पडून आहेत त्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तरच लिहितोय. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या पट्ट्यात अशी घरं भरपूर आहेत आणि ही मेडल्स नीट करून द्यायला कुणाकडे न्यायची हे बहुतेकांना माहीत नसतं, आम्हालाही नव्हतं.

आमचे पणजोबा खटाव तालुक्यातले, जुन्या १०३ मराठा लाइट इन्फंट्रीत होते. शिपाई म्हणून भरती झाले आणि सुभेदार होऊन पेन्शनवर आले, म्हणजे तेव्हाच्या भाषेत व्हाइसरॉय कमिशन्ड ऑफिसर, हवालदाराच्या वर पण गोऱ्या ऑफिसरांच्या खाली. घरात एवढंच माहीत होतं की ते 'बसऱ्याच्या लढाईला' गेले होते, मांडीत गोळी लागली होती आणि थंडीत पाय ओढत चालायचे. आज्जी नवी नवरी म्हणून आली तेव्हा ते होते, त्यामुळे तिने सांगितलेलं तेवढंच. कागद म्हणाल तर एक पेन्शनचं पुस्तक, तेही अर्धं वाळवीने खाल्लेलं.

आधी काय घोटाळा झाला ते सांगतो कारण हीच चूक लोक करतात. सात-आठ वर्षांपूर्वी बाबांनी ही चारही मेडल्स तालुक्याच्या गावात एका फोटोफ्रेमवाल्याकडे दिली. त्याने बिचाऱ्याने चांगल्याच हेतूने पितळेची भांडी घासतात त्या पॉलिशने चारही लख्ख घासली, लाल मखमलीवर गरम ग्लूने चिकटवली, जुन्या रिबन काढून फेकल्या आणि त्या जागी बक्षीस समारंभात मिळते तसली सॅटिनची तिरंगी पट्टी लावली. दोन पट्ट्या असलेलं मोठं मेडल छान दिसतं म्हणून ते मध्ये आणि बाकीची तीन आजूबाजूला. आम्हाला तेव्हा ते फार आवडलं होतं, बाबांनी तर पेढे वाटले होते.

मग गेल्या दिवाळीत माझा आर्मीत असलेला मावसभाऊ घरी आला, त्याने फ्रेम बघितली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, दादा हे लवकर काढ, ग्लू आहे आतमध्ये, आणि पुन्हा कुणाला घासू देऊ नकोस. त्यानेच पुण्याच्या कॅम्पातल्या या दुकानाचा पत्ता दिला.

दुकान म्हणजे आर्मीचे युनिफॉर्म, बॅज, रिबन, मिनिएचर मेडल्स यांचं छोटंसं दुकान. एकटे काका आहेत, सत्तरीच्या पुढचे, हाताखाली एक मुलगा. नाव इथे टाकत नाही कारण काकांनी स्वतःच सांगितलं की टाकू नको, आहे तेच काम उरकत नाहीये. कॅम्पात युनिफॉर्मवाल्यांकडे दोन-तीन ठिकाणी विचारलंत तर सापडेल.

पहिल्या भेटीत काकांनी किमतीचं नावच काढलं नाही. फ्रेम उलटी केली, मागचा पुठ्ठा कापला, मेडल्स मखमलीसकट बाहेर काढली आणि ड्रॉवरमधून भिंग घेतलं. मला वाटलं आता म्हणतील कुठल्या लढाईचं आहे वगैरे, तर ते म्हणाले, "आधी नाव राहिलंय का बघू."

मला खरंच माहीत नव्हतं की या मेडल्सवर नाव असतं! पहिल्या महायुद्धाच्या मेडल्सवर ज्याला दिलं त्याचा हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, गोल मेडल्सना कडेवर, म्हणजे रुपयाच्या नाण्याला जिथे रेघा असतात तिथे, आणि स्टारला पाठीमागे. साध्या शिपायालासुद्धा. चार पिढ्या हे डबे आमच्या घरात फिरतायत आणि कुणी कड वाचली नव्हती. काका एक एक अक्षर वाचत होते, मी मोबाइलवर लिहून घेत होतो आणि माझ्या अंगावर काटा येत होता.

आता मेडल्स कुठली ते सांगतो.

पहिलं, १९१४-१५ स्टार. ब्राँझचा, मागून दोन तलवारी आडव्या आणि मध्ये सालं. ५ ऑगस्ट १९१४ ते ३१ डिसेंबर १९१५ या काळात युद्धभूमीवर गेलेल्यांना हा मिळाला. फ्रान्स-बेल्जियममध्ये २२ नोव्हेंबर १९१४ पर्यंत पोचलेल्यांना वेगळा, १९१४ स्टार होता. आमच्या स्टारच्या पाठीवर नंबर, मग हवालदार, मग नाव, मग १०३. पण हे नाव अर्धंच लागतं कारण ग्लू नेमका तिथे होता.

दुसरं, ब्रिटिश वॉर मेडल, चांदीचं, एका बाजूला पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस, घोड्याच्या पायाखाली गरुडाची ढाल. तिसरं व्हिक्टरी मेडल, पंखवाली देवी आणि इंद्रधनुष्यासारखी रिबन. या दोन्हींच्या कडेवर नंबर नाही आणि हुद्दा आहे जमादार, म्हणजे तेव्हाच्या फौजेत हवालदार आणि सुभेदार यांच्या मधला. मी विचारलं नंबर कुठे गेला, तर काका म्हणाले, "जमादार झाले ना, मग नंबर सुटला." शिपाई-हवालदाराला नंबर असायचा, जमादार-सुभेदाराचं नुसतं नावच लिहायचे. म्हणजे पणजोबांचं प्रमोशन युद्ध चालू असताना झालं ही गोष्ट आम्हाला कुठल्याही कागदात सापडली नसती, ती दोन मेडल्सच्या कडांमधल्या फरकात मिळाली.

चौथं, इंडिया जनरल सर्व्हिस मेडल, १९०८ चं. मागे जमरूदचा किल्ला आणि डोंगर. याच्यावर दोन क्लास्प, म्हणजे मोहिमेचं नाव लिहिलेल्या धातूच्या पट्ट्या, खाली 'महसूद १९१९-२०' आणि वर 'वझिरिस्तान १९१९-२१'. आणि कडेवर सुभेदार!

हवालदार, जमादार, सुभेदार, सगळी नोकरी चार कडांवर. काकांनी चारही मेडल्स एका ओळीत ठेवून मला बोटाने दाखवलं.

त्यानंतर मी घरी येऊन वाचत बसलो आणि गोष्टी जुळत गेल्या. १०३ वी पलटण ६ व्या पुणे डिव्हिजनमध्ये, १७ व्या ब्रिगेडमध्ये होती. ही डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ पासून आत्ताच्या इराकमध्ये उतरायला लागली, आधी फाओ, मग बसरा, आणि मग टायग्रिस नदीच्या काठाकाठाने वर. सप्टेंबर १९१५ ला या डिव्हिजनचा जनरल टाउनशेंड याने नदीकाठचं कुत हे गाव घेतलं आणि लगेच बगदादकडे निघाला. २२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफॉनला गाठ पडली, तिथे जुन्या इराणी राजवाड्याची प्रचंड विटांची कमान आहे ना, तिच्या आसपासच. त्या लढाईत टाउनशेंडचे साडेचार हजारांच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले, फौजेचा तिसरा हिस्सा म्हणा. मांडीतली गोळी तिथली असणार असं आम्ही धरून चाललोय, कारण पेन्शनच्या पुस्तकात जखमेपुढे '११.१५', म्हणजे नोव्हेंबर १९१५, एवढं शिल्लक आहे.

आणि इथे मला फार वाईट वाटलं ते लिहितो. या जखमी लोकांना नदीवर आणायला स्प्रिंग नसलेल्या खडखडणाऱ्या गाड्या होत्या आणि पुढे बोटीवर दाटीवाटीने टाकून बसऱ्यापर्यंत आणलं, कित्येकांना मलमपट्टी बदलायला माणूस नाही, हगवण लागलेली, अंगाखाली काही नाही. बसऱ्याला मेजर कार्टर नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर होता, 'मेजिदिए' ही बोट येताना त्याने लांबून बघितली तर बोटीच्या बाजूंना दोर लोंबतायत असं वाटलं, आणि जवळ आल्यावर कळलं की ते दोर नसून वाळलेली घाण आहे, कारण माणसांना कठड्याशी नेणारंही कुणी नव्हतं. त्याने हे लेखी कळवलं तर वरिष्ठांनी त्यालाच दम भरला. पुढे चौकशी कमिशन बसलं, १९१७ ला रिपोर्ट आला आणि लंडनमध्ये भारतमंत्री चेंबर्लेनला राजीनामा द्यावा लागला. आमचे पणजोबा कुठल्या बोटीवर होते ते कळायला मार्ग नाही, पण अशाच कुठल्यातरी बोटीतून आले असणार. आज्जी म्हणायची की ते आयुष्यभर कुणाच्याही आजारपणात स्वतः उशाशी बसायचे, सुनेला नाही बसवायचे. आम्हाला त्याचं कारण माहीत नव्हतं.

जखमी झाले म्हणून ते कुतच्या वेढ्यातून वाचले. मागे राहिलेली पलटण डिसेंबर १९१५ ला कुतमध्ये अडकली ती २९ एप्रिल १९१६ पर्यंत, उपासमार, घोड्याचं मांस खायची वेळ आली आणि आपल्या बऱ्याच लोकांनी ते जवळजवळ शेवटपर्यंत टाळलं, त्यामुळे स्कर्व्हीने, म्हणजे ताजं अन्न न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, हाल झाले. शरण गेल्यावर वाळवंटातून जी पायपीट झाली त्यात किती गेले. पलटण नंतर परत उभी करावी लागली, जमादारांची गरज तेव्हाच पडली असेल.

वझिरिस्तानबद्दल घरात कुणालाच काही माहीत नव्हतं, चौथं मेडल पण 'बसऱ्याचंच' समजायचो आम्ही. ते आहे वायव्य सरहद्दीवरचं, आत्ताच्या पाकिस्तानातलं. डिसेंबर १९१९ मध्ये जंडोल्याहून 'डेराजात कॉलम' नावाची फौज महसूद या पठाण टोळीच्या मुलखात शिरली, १०३ वी तेव्हा ६७ व्या ब्रिगेडमध्ये होती. महायुद्धात जुने जाणते शिपाई खर्ची पडले होते आणि पलटणीत कोवळी पोरं जास्त, महसूद मात्र डोंगरात वाढलेले आणि त्यांच्यातले काही आधी आपल्याच मिलिशियात शिकून तयार झालेले. पालोसिना, मग जानेवारीत अहनाई टांगीची खिंड, थंडी आणि डोंगरमाथ्यावर पिकेट, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या, बसवत बसवत पुढे सरकायचं. मांडीत गोळी बसून गेलेला चाळिशीतला माणूस त्या डोंगरात पोरांना घेऊन चढत होता, हे आता चौथ्या मेडलकडे बघितलं की डोळ्यासमोर येतं. आणि सुभेदार झाला तरी काय, काल आलेला गोरा सेकंड लेफ्टनंट पण वरच! आपल्या लोकांना किंग्ज कमिशन, म्हणजे गोऱ्या ऑफिसरांच्या बरोबरीचा हुद्दा, द्यायचं ठरलं तेच १९१७ ला, तेही हाताच्या बोटावर मोजण्याइतक्यांना.

बरं, आता दुकानाच्या कामाबद्दल, रिव्ह्यू त्याचाच आहे.

काकांनी ग्लू काढायला पंधरा दिवस घेतले, एकदम खरवडायचं नाही म्हणाले, थोडं थोडं मऊ करून लाकडी काडीने. घासणं अजिबात नाही. चांदीच्या मेडलवर जो काळपट रंग येतो तो राहू द्यायचा, तो येऊन येऊन अक्षरांच्या खाचेत बसतो म्हणून नाव वाचता येतं. आधीच्या पॉलिशमुळे वॉर मेडलच्या कडेवरची पहिली दोन अक्षरं जवळजवळ सपाट झालीयेत, ती गेली ती गेली. व्हिक्टरी मेडलवर मुळात सोनेरी मुलामा असतो, तो एका बाजूने पूर्ण उडालाय, तोही परत येत नाही. मी म्हटलं नवीन मुलामा देता येईल का, तर काकांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, पैसे मिळत असून नाही म्हटलं हे मला आवडलं.

रिबन चारही बरोबर मिळाल्या. स्टारची लाल-पांढरी-निळी पण एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी, वॉर मेडलची मध्ये केशरी आणि कडेला पांढरी, काळी, निळी, व्हिक्टरीची इंद्रधनुष्यी आणि चौथ्याची हिरवी, मध्ये रुंद निळा पट्टा. जुन्या रेशमी मिळत नाहीत, या नव्या विणीच्या आहेत आणि रंग जरा भडक वाटतात, विशेषतः हिरवा. तुमच्याकडे जुन्या रिबनचे तुकडे असतील, किती का फाटलेले असेनात, ते टाकू नका, काका ते पाकिटात घालून फ्रेमच्या मागे ठेवतात. आमच्याकडे ठेवायला काही उरलंच नव्हतं.

क्रम पण दुरुस्त झाला. बघणाऱ्याच्या डावीकडून स्टार, वॉर मेडल, व्हिक्टरी आणि शेवटी जनरल सर्व्हिस. ज्या क्रमाने मोहिमा झाल्या त्या क्रमाने, मोठं दिसतं म्हणून मध्ये असं काही नसतं. पण जनरल सर्व्हिसवर १९१४ च्या आधीच्या मोहिमेचा क्लास्प असता तर तेच पहिलं आलं असतं, हे पण काकांनी समजावलं, त्यामुळे तुमच्या घरचा क्रम आमच्याकडे बघून लावू नका.

माउंटिंगचे दोन प्रकार आहेत, एक कोर्ट माउंट, म्हणजे मेडल्स मागच्या रिबनच्या पाटीवर घट्ट बसवतात, हलत नाहीत, एकमेकांवर आपटत नाहीत. दुसरं स्विंग, सुटी लोंबणारी. मी कोर्ट माउंट मागितलं होतं, दिसायला ते रुबाबदार. काकांनी स्विंगच घ्यायला लावलं, पण खोल बॉक्स फ्रेममध्ये आणि प्रत्येकाच्या मागे मऊ कापडाचा आधार देऊन, कारण कोर्ट माउंट केलं की स्टारची पाठ पाटीला चिकटते आणि नाव पुन्हा झाकलं जातं. फ्रेमच्या मागच्या बाजूला स्टारच्या बरोबर पाठीमागे चौकोनी खिडकी कापून काच लावलीय, आणि खाली तिन्ही कडांचे मोठे केलेले फोटो एका पट्टीवर. ग्लू कुठेही नाही, सगळं दोऱ्याने. एवढ्या गोष्टीसाठी मी या दुकानाला पैकीच्या पैकी देईन.

तक्रारीपण आहेत. तीन आठवडे सांगून साडेनऊ आठवडे लावले. फोन उचलत नाहीत, मुलगा उचलतो तर त्याला काही माहीत नसतं, मी साताऱ्याहून दोन खेपा फुकट मारल्या आणि एकदा तर दुकानच बंद. फ्रेमसोबत ते एक टाइप केलेला कागद देतात, त्या माणसाच्या नोकरीचा, त्यात पणजोबा कुतच्या वेढ्यात होते असं छापून आलं होतं. १०३ वी तिथे होती म्हणून सगळेच होते असं धरलं असणार. मी पेन्शनचं पुस्तक दाखवल्यावर काकांनी लगेच मान्य केलं आणि बदलून दिला, पण मी वाचलं नसतं तर तेच भिंतीवर लागलं असतं आणि पुढची पोरं तेच सांगत बसली असती. तेव्हा कागद हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. बिल चारही मेडल्स, रिबन, फ्रेम आणि कागद मिळून ७,४०० झालं, बिल हाताने लिहिलेलं. मला महाग वाटलं नाही, बाबांना वाटलं.

दुकानात थांबलेलो तेव्हा अजून एक गोष्ट बघितली. काउंटरवर एका बाईंनी आणलेलं वॉर मेडल होतं, आमच्यासारखंच, पण चांदीचं नाही, ब्राँझचं. त्यांना वाटत होतं की कुणीतरी खरं विकून नकली ठेवलंय, घरात त्यावरून भावाभावात भांडण झालेलं. काकांनी त्यांना शांतपणे सांगितलं की ब्राँझची खरीच असतात, लेबर कोअरमध्ये जे मजूर म्हणून गेले त्यांना ब्राँझचं दिलं, आणि चांदीची लाखोंनी निघाली पण ब्राँझची त्या मानाने फारच कमी. मग भिंगातून कड वाचून त्यांना त्यांच्या आजेसासऱ्यांचं नाव ऐकवलं. त्या बाई तिथेच रडायला लागल्या.

मला घरी आल्यावर कळलं की बसऱ्याला जे मोठं स्मारक आहे, मेसोपोटेमियात (आत्ताच्या इराकमध्ये) मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४०,००० च्या वर लोकांचं, त्यावर आपल्या साध्या शिपायांची नावंच नाहीत, पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आहे, नावं आहेत ती ऑफिसरांची आणि ब्रिटिश सैनिकांची. म्हणजे आपल्याकडचा जो शिपाई तिकडे गेला आणि परत आला नाही, त्याच्या घरी पोस्टाने आलेल्या मेडलच्या कडेवर त्याचं नाव आहे आणि स्मारकावर नाही. मी हे वाचल्यापासून गावात दिसेल त्याला सांगतोय की बाबांनो भांड्यांच्या पॉलिशने घासू नका. कुणाकडे द्यायच्या आधी घरी दिवसाच्या उजेडात, तिरप्या प्रकाशात, प्रत्येक कडेचे फोटो काढून ठेवा, मेडल हळूहळू फिरवत, सगळी अक्षरं येईपर्यंत. नाव आपल्या स्पेलिंगचं नसेल, साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, आमचं तर आडनावच नाहीये, नाव आणि वडिलांच्या नावाची अर्धी शेपटी.

फ्रेम आता सोप्यात लावलीय. आधी खिळ्यावर होती, महिन्याभरात खिळा ढिला झाला म्हणून परवा भिंतीत मोठा हूक बसवून घेतला, कारण बाबा येईल त्या पाहुण्यापुढे फ्रेम काढून उलटी करतात आणि चष्मा लावून मागचं नाव मोठ्याने वाचून दाखवतात.